मनाजोगता बेस घडवून घेण्याआधी दुरुस्तीचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या वादकाने आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन विक्रीतून चार तारांचा, ॲक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे बॅटरीवर चालणारे आवाज घडवणारे सर्किट, असलेला बेस गिटार घेतला. पावसाळा लागला तशा तारा फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडू लागल्या आणि वाजवताना आवाज मधूनच तुटू लागला. विक्रेत्याने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने विक्रेत्याकडे. या अनुभवाने वैतागून त्यांनी आता स्वतःच्या मनातला बेस परदेशातल्या एखाद्या छोट्या कार्यशाळेकडून घडवून घ्यायचे ठरवले आहे. त्यांचा आराखडा असा: पाच तारा, हेडस्टॉक (दांड्याच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) नसलेला, तिरप्या फ्रेटचा मल्टिस्केल (प्रत्येक तारेची लांबी वेगळी असलेला), नेक, म्हणजे दांडा, बॉडीतून आरपार गेलेला, आणि १८ व्होल्टवर चालणारा त्या कार्यशाळेचा स्वतःचा प्रीअँप. हा आराखडा कसा वाटतो आणि अशा कार्यशाळेच्या विक्रीनंतरच्या सेवेवर कितपत विसंबावे, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी पुण्यात बावीस वर्षे गिटार आणि बेस दुरुस्त करत आलो आहे, आणि वर्षाकाठी तीन-चार बेस स्वतः घडवतो. त्या अनुभवावरून सांगायचे तर हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. वाद्याच्या आराखड्यात आपण जी जी वेगळी गोष्ट मागतो, तिच्यापुरते आपण त्या एका कारागिराशी किंवा कंपनीशी बांधले जातो. तो भाग बिघडला तर बाजारात त्याच्या जागी बसणारा दुसरा भाग नसतो. म्हणून कागदावर बेस रेखाटताना प्रत्येक भागाच्या शेजारी ‘हा बिघडला तर कोण, कुठे आणि कशाने दुरुस्त करणार’ हे लिहून ठेवावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तुमच्या आराखड्यात असे पाच भाग आहेत. त्यांपैकी दोन ठेवावेत, दोन बदलावेत आणि एकाचा निर्णय हातात घेऊन पाहिल्याशिवाय करू नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे पुढे देतो.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १९५१ साली बाजारात आलेला फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस ज्या लिओ फेंडर यांनी आखला, ते स्वतः गिटार वाजवत नसत. १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रोज बिघडलेल्या वस्तू उघडून बसणाऱ्या माणसाने आखलेले ते वाद्य आहे, हे त्याच्या अंगाखांद्यावर स्पष्ट दिसते. नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेला आहे, म्हणजे तो खराब झाला तर तासाभरात दुसरा बसवता येतो. सगळी वायरिंग वरच्या बाजूने, स्क्रू काढताच हाताशी येते. चौतीस इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर ही तारेची लांबी तेव्हा ठरली आणि आजही बहुतांश बेस त्याच लांबीचे असतात. १९५७ मध्ये या बेसचा पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारा चुंबकी भाग, बदलून दोन तुकड्यांचा झाला, १९६० मध्ये दोन पिकअपचा जाझ बेस आला, आणि या दोन्ही प्रकारच्या पिकअपची मापे पुढे अनेक उत्पादकांनी जशीच्या तशी उचलली. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा बेस माझ्या टेबलावर आला आणि त्याचा पिकअप मेला असेल, तर मूळ कंपनीने उत्तर दिले नाही तरी माझे काम अडत नाही. या वाद्याची सर्वांत चांगली ग्राहकसेवा त्याच्या आखणीतच आहे, असे मी मानतो. एखादी कंपनी बंद पडू शकते, तिचे धोरण बदलू शकते, तिच्या सेवा विभागातला समजूतदार माणूस नोकरी सोडून जाऊ शकतो. पण स्क्रूच्या भोकांमधले अंतर सर्वमान्य असेल तर वाद्य पोरके होत नाही.

आता आधी हातातल्या बेसकडे वळू, कारण मला वाटते की तो तुम्ही समजता तितका वाईट नाही.

तारांची खडखड आणि आवाज तुटणे या दोन स्वतंत्र तक्रारी आहेत, आणि त्या एकत्र लिहिल्यामुळेच बहुधा तुमचे पत्र दोन खात्यांमध्ये फिरत राहिले. खडखड नेकच्या हालचालीमुळे होते. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७५ किलो असतो. त्या ओढीला नेकच्या आतली पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, विरोध करते. हवेतला ओलावा वाढला की लाकूड फुगते आणि हा तोल बदलतो. कोणत्या दिशेने आणि किती, हे प्रत्येक नेकगणिक वेगळे असते. पुण्यात एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैमधली दमट हवा यांत इतका फरक असतो की माझ्याकडे जूनअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस सेटअपसाठी, म्हणजे नेक आणि तारांची उंची जुळवून घेण्यासाठी, रांग लागते. कोकणात आणि गोव्यात वर्षभर दमटपणा असल्यामुळे नेक एकदा स्थिरावला की कमी हलतो, पण तिथे खिळे, स्क्रू आणि बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा ब्रिज गंजतात. तेव्हा पावसाळ्यात नेक हलणे हा कारखान्यातला दोष मानता येत नाही. ट्रस रॉड फिरवूनही नेक सरळ होत नसेल, तर मात्र तो दोष आहे. तक्रार करताना हा भेद स्पष्ट मांडावा लागतो.

हा भेद घरीच तपासता येतो. बेस मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरा. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबा. आता तार ही एक सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये साधे व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहा. त्याची जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. कार्ड तारेला न उचलता जेमतेम सरकले, तर नेक ठीक आहे आणि खडखडीचे कारण ब्रिजवर किंवा एखाद्या उचललेल्या फ्रेटमध्ये शोधावे लागेल. कार्ड शिरतच नसेल तर नेक मागे गेला आहे, आणि तीन-चार कार्डे मावत असतील तर पुढे वाकला आहे. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग काही तास वाट. त्यासाठी बेसबरोबर आलेली चावीच वापरा. मागच्या वर्षी एका तरुण वादकाने ट्रस रॉडच्या ३/१६ इंचाच्या नटमध्ये, म्हणजे ४.७६ मिलिमीटरच्या खाचेत, घरातली साडेचार मिलिमीटरची चावी घालून जोर लावला आणि नटच्या कडा गोल करून टाकल्या. कंपनीने वॉरंटी नाकारली. मला ते वाईट वाटले, पण कंपनीचे म्हणणे मला खोडता आले नाही.

आवाज तुटण्याबद्दल. ॲक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल जॅकमध्ये घातल्यावरच तिचा परिपथ पूर्ण होतो. जॅक स्टीरिओ प्रकारचा असतो. त्याच्या मधल्या संपर्कपट्टीला बॅटरीची ऋण तार जोडलेली असते, आणि केबलची साधी पिन त्या पट्टीला जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडते. ती पट्टी जरा सैल झाली की तुम्ही हललात तसा प्रीअँप बंद-चालू होतो आणि वाद्यच मेल्यासारखे वाटते. म्हणून आधी नवी बॅटरी घाला, मग केबल जॅकमध्ये असताना ती हलक्या हाताने आजूबाजूला हलवून पाहा. खरखर झाली किंवा आवाज गेला, तर दोष जॅकमध्ये आहे आणि जॅक बदलणे हे अर्ध्या तासाचे, अगदी कमी खर्चाचे काम आहे. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवण्याची सवय लावा. केबल तशीच राहिली तर बॅटरी उतरत राहते.

हे दोन्ही तपासून झाले की विक्रेत्याला नवे पत्र लिहा. एका पत्रात एकच दोष मांडा. वाद्याचा अनुक्रमांक, बिलाची तारीख, दोष पहिल्यांदा कधी जाणवला, तुम्ही काय तपासले, आणि तुम्हाला काय हवे आहे, म्हणजे दुरुस्ती, बदली की परतावा, हे पहिल्या चार वाक्यांत आले पाहिजे. शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेला फोटो आणि थेट जोडून ध्वनिमुद्रित केलेला अर्धा मिनिट आवाज सोबत जोडा. सेवा विभागात बसलेला माणूस दिवसाला अशी अनेक पत्रे वाचतो. ‘तुमच्या वाद्याने माझी घोर निराशा केली’ असे लिहिलेल्या पत्रावर तो सहानुभूतीचे ठरावीक उत्तर पाठवतो, आणि ‘आठव्या फ्रेटवर १.१ मिलिमीटर अंतर आहे, ट्रस रॉड पूर्ण आवळला आहे’ असे लिहिलेले पत्र तो तंत्रज्ञाकडे पाठवतो. मी ग्राहकांच्या वतीने अशी पत्रे लिहून दिली आहेत आणि हा फरक अनेकदा पाहिला आहे.

विक्रेता आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत राहिले तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखालच्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतरही काही हलले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क नाही. ‘तुम्ही कार्यक्रमांत वाजवून पैसे घेता, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी खरेदी ठरत नाही. मात्र परदेशातल्या छोट्या कार्यशाळेकडून थेट मागवलेल्या बेसच्या बाबतीत हा मार्ग प्रत्यक्षात फारसा उपयोगी पडत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे.

अशा कार्यशाळांचे दोन अनुभव सांगतो. कार्यशाळांची नावे देत नाही.

पहिला अनुभव चांगला आहे. कोल्हापूरच्या एका वादकाने पाच तारांचा बेस घडवून घेतला होता. आल्यावर जाड बी तार पहिल्या फ्रेटवर वाजत होती, कारण नटमधली, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतली, तिची खाच जरा जास्त खोल गेली होती. आम्ही जाडीमापक पट्टी खाचेत घालून फोटो काढला आणि पाठवला. कारागिराचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ‘चूक माझी आहे’ हे त्याचे पहिले वाक्य होते. त्याने दोन नवे नट पाठवले. त्यांच्या खाचा मोजून कापलेल्या होत्या आणि प्रत्येकासोबत मापांची चिठ्ठी होती. दोन यासाठी की एक बसवताना तुटला तर काम अडू नये. माझी मजुरीही त्यानेच दिली. तो वादक आज त्या कारागिराकडे दुसरा बेस घडवून घेत आहे.

दुसऱ्या अनुभवाने मला बरेच शिकवले. जुलै महिन्यात गोव्याहून एक वादक त्याचा बेस घेऊन आला. केस उघडल्यावर ओल्या लाकडाचा वास आला, पण वाद्य अतिशय देखणे होते: पाच तारा, आरपार नेक, वर गडद रेघांचा लाकडी पापुद्रा, कुठेही सांधा दिसत नव्हता. आवाज पूर्ण बंद होता. मागचे झाकण उघडले तेव्हा आत काडेपेटीएवढा एक काळा ठोकळा दिसला. प्रीअँपचे सगळे सर्किट राळेमध्ये बुडवून बंद केलेले होते आणि त्यातून विजेच्या सात तारा बाहेर आल्या होत्या. त्यांपैकी निळी तार अगदी मुळाशी तुटली होती. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरने जोडायला, टोकच उरले नव्हते. कोणती तार कशाची, हे सांगणारा कागद नव्हता. आम्ही कारागिराला लिहिले. पहिल्या तीन पत्रांना उत्तरे आली, प्रत्येक वेळी ‘पुढच्या आठवड्यात आराखडा पाठवतो’ अशी. नंतर उत्तरे थांबली. मी बाजारातला दुसरा प्रीअँप बसवायचे ठरवले, तर कप्प्याची खोली इतकी कमी होती की नेहमीचे नॉब, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी फिरती नियंत्रणे, त्यात मावेनात. बॉडी पातळ आणि सुबक दिसावी म्हणून ती तशी कोरली होती. शेवटी लहान आकाराचे दोन नॉब आणून मी तो बेस पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी आणि प्रीअँपशिवाय वाजणारा, करून दिला. तो वाजू लागला, चांगला वाजू लागला, पण ज्या आवाजासाठी त्या माणसाने दोन वर्षे पैसे साठवले होते तो आवाज त्यात राहिला नाही. तो काही बोलला नाही. झाकणाचे स्क्रू स्वतःच्या हाताने लावत बसला. तेव्हापासून मी घडवलेल्या प्रत्येक बेसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वायरिंगचा आराखडा, भागांची मापे आणि तारीख लिहिलेला कागद चिकटवतो. उद्या मी नसलो तरी दुसऱ्या कोणाला ते काम करता आले पाहिजे.

म्हणून तुमच्या आराखड्यातला कार्यशाळेचा स्वतःचा १८ व्होल्टचा प्रीअँप मी बदलायला सांगेन. १८ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या, यामुळे जोरात वाजवलेला सूर फाटण्याआधी जास्त वाव मिळतो. आवाज मोठा होतो असा जो समज आहे तो बरोबर नाही. तुम्हाला तो वाव खरोखर लागत असेल तर बाजारात सुटा मिळणारा, प्रसिद्ध उत्पादकाचा प्रीअँप मागा, कप्पा नेहमीच्या नॉबला पुरेल इतका खोल मागा, आणि बॅटरी संपली तरी वाजता येईल असा पॅसिव्ह स्विच मागा. पिकअपही नेहमीच्या मापाच्या साच्यातले घ्या. मल्टिस्केलमध्ये ते तिरपे बसतात, पण मापे तीच ठेवता येतात.

नेक आरपार असावा का? त्याने वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज जातो आणि बॉडीच्या मागे गुठळी राहत नाही, हे खरे. सूर जास्त वेळ टिकतो असे म्हणतात. मी घडवलेल्या दोन्ही प्रकारच्या वाद्यांत मला तो फरक ऐकू आलेला नाही. पण असा नेक पिळला तर तो बदलता येत नाही, फ्रेट काढून फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची लाकडी पट्टी, पुन्हा सपाट करत बसावे लागते. आपल्या हवेत, आणि दुरुस्तीचा माणूस सात समुद्रांपलीकडे असताना, मी स्क्रूचा नेक घेईन. सांधा नीट गोलवून घेतला तर हाताला तो अडत नाही. लांबच्या पल्ल्याच्या वाहतुकीत नेक काढून वेगळा गुंडाळता येतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

पाच तारा आणि मल्टिस्केल हे दोन मी ठेवेन. नेहमीच्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात, तर पाचव्या बी तारेची ३१. चौतीस इंचांवर ही तार पुष्कळदा ढिली आणि गढूळ वाटते. तार आणि सूर तेच ठेवले तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ३५ इंचांवर तो सुमारे ६ टक्के वाढतो आणि ३७ इंचांवर सुमारे १८ टक्के. पण सगळ्याच तारा लांब केल्या तर बारीक जी तार कडक आणि पातळ होते, म्हणून जाड तार लांब आणि बारीक तार आखूड ठेवण्यासाठी फ्रेट पंख्यासारख्या पसरवतात. राल्फ नोवाक यांनी १९८९ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे कॅनडातल्या शेल्डन डिंगवॉल यांनी ३७ ते ३४ इंचांचे बेस प्रसिद्ध केले. हाताला त्याची सवय लवकर होते. मात्र ३७ इंचांसाठी जास्त लांबीची तार लागते आणि ती गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. जाड बाजू ३५ किंवा ३५.५ इंचांवर थांबवली तर बऱ्याच नेहमीच्या तारा पुरतात, फायद्यातला मोठा भागही पदरात पडतो. मी तिथेच थांबेन.

हेडस्टॉक नसलेल्या रचनेचा निर्णय मी तुमच्यासाठी करणार नाही. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या आसपास ती रूढ केली तेव्हापासून तिचा मुख्य गुण तोल हाच राहिला आहे. तारा पिळायच्या पाच नेहमीच्या खुंट्यांचे वजन जवळपास अर्धा किलो होते आणि ते नेकच्या टोकाला असल्यामुळे वाद्य पुढे झुकते. डावा हात सूर शोधायचा सोडून नेक उचलून धरतो आणि तासाभरात खांदा भरून येतो. हा दोष बॉडीचे वरचे शिंग, म्हणजे पट्टा अडकवायचे पुढे आलेले टोक, लांब करून, पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत नेऊन आणि हलक्या खुंट्या लावूनही बराच कमी होतो. हेडलेस ब्रिजचे प्रकार अनेक आहेत. ज्याला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास ताराच लागतात तो घेऊ नका. साधी तार कापून स्क्रूने आवळता येते तो घ्या, आणि त्या स्क्रूंचा एक जादा संच आताच मागून ठेवा. ते लहान असतात आणि त्यांच्या खाचा झिजतात.

लाकडाबद्दल थोडेच सांगतो. ब्राझीलचे रोझवुड मागू नका. ते १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे. आपले शिसवी फिंगरबोर्डसाठी उत्तम आहे. २०१७ मध्ये रोझवुड आणि शिसवी यांच्या गणातल्या सगळ्या लाकडांवर परवान्याचे बंधन आले तेव्हा वाद्ये मागवणे अवघड झाले होते. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आहे. वरच्या शोभेच्या पापुद्र्याचा रंग तुम्हाला आवडेल तो घ्या, आवाजाच्या दृष्टीने त्याचा फार विचार करू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही पुढेमागे एक फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, बेस करायचा आहे असे लिहिले आहे, त्यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. फ्रेटलेसचा जो गुंजणारा, लांबत जाणारा सूर असतो, तो तार फिंगरबोर्डच्या पृष्ठभागाला अगदी हलकेच घासत राहिल्यामुळे येतो. तानपुऱ्याच्या जवारीतही हेच घडते: तार घोडीच्या किंचित गोलवलेल्या माथ्यावर टेकत-सुटत राहते. मिरजेच्या कारागिराला तानपुरा सांगताना तो आधी गाणाऱ्याची पट्टी विचारतो, बाईंसाठी की बुवांसाठी हे विचारतो, आणि जवारी उतरली की ती पुन्हा लावून देणे हे तो आपलेच काम समजतो. वाद्य विकले म्हणजे संबंध संपला असे तिथे कोणी मानत नाही. अमेरिकन बेसवादक जॅको पॅस्टोरियस यांच्या १९६२ च्या जाझ बेसवर, फ्रेट काढल्यानंतर, बोटींना लावतात तशा इपॉक्सीचा कठीण थर चढवला होता, तो तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून. तोही थर झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. फ्रेटलेस करून घ्याल तेव्हा हे काम जवळचे कोण करील, ते आधी ठरवा.

कार्यशाळा निवडताना तिने घडवलेल्या नव्या बेसचे फोटो पाहण्यापेक्षा तिच्या पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या ग्राहकाशी बोला. काही बिघडले होते का, आणि तेव्हा काय झाले, एवढेच विचारा. ज्याच्या वाद्यात काहीच बिघडले नाही त्याच्याकडून सेवेबद्दल काही कळत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: लाकूड निवडल्यावर, नेक तयार झाल्यावर, रंगाच्या आधी, आणि पाठवण्यापूर्वी वाजवून दाखवल्यावर, प्रत्येक टप्प्याचे फोटो मागा. मुदत लेखी घ्या, आणि ती उलटली तर काय, हेही. वायरिंगचा आराखडा, नेकची मापे आणि ट्रस रॉडची चावी वाद्यासोबत आलीच पाहिजे. दोष निघाल्यास भारतातल्या तंत्रज्ञाकडून दुरुस्ती करून घेऊन मजुरी कार्यशाळेने द्यावी, हे एक वाक्य करारात घालून घ्या. चांगला कारागीर ते आनंदाने मान्य करतो, कारण वाद्य परत मागवण्यापेक्षा त्यालाही ते स्वस्त पडते. मोठ्या कंपनीचा बेस घेतलात तर डब्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक छापलेला आहे का, ते दुकानातच बघा. तक्रारीच्या वेळी तोच तुमचा पत्ता असतो.

आणि आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी एक काम करा. तुमच्या आराखड्याची बाह्यरेषा पूर्ण आकारात कागदावर काढा आणि सुताराकडून अठरा मिलिमीटरच्या प्लायमध्ये कापून घ्या, नेकसकट. हेडस्टॉक ठेवणार असाल तर त्या टोकाला अर्धा किलो वजन बांधा, ठेवणार नसाल तर तेच ब्रिजच्या जागी बांधा. एकूण वजन सव्वाचार किलोच्या आसपास येईल इतके वाळूचे पाकीट बॉडीच्या मध्यावर चिकटवा. मग पट्टा अडकवून ते अर्धा तास गळ्यात घालून उभे राहा, आणि डावा हात पहिल्या फ्रेटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत नेत राहा. माझ्या कार्यशाळेत असे कापलेले आठ-दहा प्लायचे बेस भिंतीला टांगलेले आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे शिंग नंतर लांब केलेले दिसेल. तुमचा तयार झाला की त्याचा आणि तुमच्या सध्याच्या बेसच्या आठव्या फ्रेटचा, असे दोन फोटो पाठवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.